पुन्हा वर गेलेला माणूस : मेडिक डेस्मंड डॉस, ओकिनावा १९४५

माळरान (धागाकर्ता)

बरेच दिवस ह्या माणसाबद्दल लिहायचं मनात होतं, पण दर वेळी दोन परिच्छेद लिहून थांबत होतो. कारण त्याची गोष्ट सांगायला घेतली की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो किती जणांना वाचवलं, आपण आकडा सांगतो, तो "बापरे" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. मला त्या आकड्याच्या आत शिरायचंय, म्हणून हा धागा.

डेस्मंड डॉस, जन्म ७ फेब्रुवारी १९१९, गाव लिंचबर्ग, अमेरिकेतलं व्हर्जिनिया राज्य. घरचे सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे. ह्या पंथात शनिवार हा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, आणि "हत्या करू नकोस" ही आज्ञा डॉसनं अक्षरशः घेतलेली, म्हणजे युद्धातही नाही, स्वतःचा जीव वाचवायलाही नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो जहाजबांधणीच्या यार्डात कामाला होता आणि त्या कामाच्या जोरावर त्याला भरतीतून सूट मिळू शकत होती. ती त्यानं घेतली नाही आणि एप्रिल १९४२ मध्ये भरती झाला. कागदोपत्री तो "कॉन्शियन्शस ऑब्जेक्टर", म्हणजे श्रद्धेमुळे शस्त्र धरायला नकार देणारा, पण त्याला तो शब्द पटायचा नाही, तो म्हणायचा मी ऑब्जेक्टर नाही, कोऑपरेटर आहे, मला देशाची सेवा करायचीच आहे, फक्त बंदूक हातात घेणार नाही, मला मेडिक, म्हणजे रणांगणावर जखमींवर उपचार करणारा सैनिक, करा.

पुढे काय झालं असेल ते सैन्यात राहिलेल्यांना सांगायला नकोच. बराकीत तो रात्री पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करायला लागला की पोरं बूट फेकून मारायची. एकानं तोंडावर सांगितलं, लढाईत गेलो की तुला मीच गोळी घालेन. वरच्या अधिकाऱ्यांनी त्याला मानसिकदृष्ट्या अपात्र ठरवून घरी पाठवायचा प्रयत्न केला. त्यानं ते मान्य केलं नाही, कारण त्याचा अर्थ झाला असता की माझी श्रद्धा म्हणजे वेड. असा सगळा छळ सोसून तो ७७व्या इन्फंट्री डिव्हिजनच्या ३०७व्या रेजिमेंटमध्ये टिकून राहिला. १९४४ मध्ये ग्वाम, मग फिलिपिन्समधलं लेटे. तिथे त्यानं जखमींना कसं बाहेर काढलं ते ह्याच पोरांनी डोळ्यांनी पाहिलं आणि बूट फेकणं आपोआप बंद झालं. ब्राँझ स्टार पदक त्याला तिथल्याच कामासाठी मिळालं.

आता ओकिनावा, जपानचं बेट. त्याच्या दक्षिण भागात मेडा नावाचा कडा आहे, माथ्यावर जपानी सैन्यानं आत गुहा आणि भुयारं खणून ठेवलेली. कड्याला जहाजावरची दोरखंडाची जाळी लावून अमेरिकन सैनिक वर चढायचे, ती जाळी वर नेऊन बांधायला जे तिघं पुढे झाले त्यात डॉस होता. ५ मे १९४५, वार शनिवार. त्याच्या प्रार्थनेचा दिवस, पण बटालियनला तेव्हा मेडिक हवाच होता म्हणून तो गेला. वर पोचल्यावर तोफा, मॉर्टर, मशीनगन सगळं एकदम सुरू झालं आणि माघारीचा हुकूम सुटला. ज्यांना चालता येत होतं ते जाळीवरून खाली उतरले. ज्यांना येत नव्हतं ते वरच पडून राहिले.

आणि हा त्यांच्यापाशी राहिला.

एकेकाला ओढत, उचलत कड्याच्या टोकाशी आणायचं, दोरी बांधायची, खाली सोडायचं, खालचे लोक सोडवून घेणार, दोरी वर ओढायची आणि परत मागे वळून धुरात जायचं. त्याची प्रार्थना त्यानं नंतर सांगितली ती एवढीच, देवा, अजून एकाला आणू दे. एक झाला की पुन्हा तेच, अजून एक.

मला ह्या गोष्टीत अडकायला होतं ते इथेच. पहिल्यांदा धावत जाणं मी समजू शकतो, अंगात काहीतरी संचारतं, मित्र ओरडत असतो, माणूस जातो. पण दोरी मोकळी होऊन वर आली आणि तुम्ही टोकाशी उभे आहात, खाली सुरक्षित जागा आहे, एक उडी जाळीवर टाकली की सुटलात, कुणीही दोष देणार नाही, उलट तुम्ही दहाबारा जण वाचवलेत म्हणून शाबासकीच मिळेल, आणि तुम्ही पाठ फिरवून परत आत जाता. हे एकदा नाही, दर दोरीला. म्हणजे प्रत्येक वेळी नव्यानं ठरवायचं. त्या दिवसाचा हिशोब मला असा मांडावासा वाटतो, पंचाहत्तर माणसं असा नाही, तर सुटायची संधी पंचाहत्तर वेळा समोर आली आणि पंचाहत्तर वेळा सोडली असा.

तुम्हाला काय वाटतं लिहा. असे इतर मेडिक, स्ट्रेचरवाले, रेजिमेंटचे डॉक्टर ठाऊक असतील तर त्यांच्याबद्दलही लिहा, धागा मोठा झाला तरी चालेल.

---

इतिहासपाने

मस्त सुरुवात. आकड्याबद्दल थोडी भर घालतो, कारण तो आकडा आला कसा हे त्या माणसाचा स्वभाव दाखवतं. त्या दिवशी वर गेलेले साधारण १५५, त्यातले आपल्या पायानं खाली आलेले ५५, म्हणून अधिकारी म्हणाले ह्यानं १०० जणांना उतरवलं. डॉस म्हणाला शक्यच नाही, फार तर ५० असतील. शेवटी मधला आकडा धरून त्याच्या मेडल ऑफ ऑनर ह्या पदकाच्या सन्मानपत्रात ७५ लिहिले. स्वतःच्या शौर्याचा आकडा निम्म्यावर आणायला भांडणारा माणूस मी दुसरा वाचलेला नाही.

एक बारीक दुरुस्तीही. सन्मानपत्रात कडा ४०० फुटांचा म्हटलाय, पण ती सगळ्या उताराची उंची. सरळ तुटलेला ताशीव भाग शेवटचा, साधारण ३५ फुटांचा, जाळी आणि दोरी लागायची ती तिथे. आणि सन्मानपत्रात फक्त तो एक दिवस नाही, २९ एप्रिल ते २१ मे असे तीन आठवडे आहेत, लोक बाकीचं विसरतात. २ मेला आघाडीच्या रेषेच्या २०० यार्ड पुढे पडलेल्या एकाला आणलं. ४ मेला एका गुहेवर हल्ला करताना चौघं पडले, तर हा हातबाँब पडत असताना गुहेच्या तोंडापासून ८ यार्डांवर बसून त्यांच्या पट्ट्या बांधत होता आणि मग चार वेगवेगळ्या फेऱ्यांत चौघांना मागे आणलं. ८ यार्ड म्हणजे किती ते घरात चालून बघा एकदा.

---

माळरान

धन्यवाद, ५० आणि १०० चं मला माहीत होतं पण ४ मेच्या चार फेऱ्या मी लिहायला हव्या होत्या. चार माणसं, चार फेऱ्या, तेच ते परत जाणं.

---

कातळवाट

मी चढाईवाला आहे, त्यामुळे मला दोरीबद्दल लिहायचंय, कारण त्या दोरीकडे कुणी नीट बघत नाही असं मला नेहमी वाटतं.

शुद्ध नसलेल्या किंवा पाय तुटलेल्या माणसाला कड्यावरून सोडणं हे फार अवघड काम आहे. नुसती कमरेला दोरी बांधली तर माणूस मधोमध दुमडतो आणि उलटा होतो किंवा दोरी सरकून काखेत येते आणि श्वास अडकतो. डॉसनं वापरली ती दुहेरी बोलाइन, बोलाइन म्हणजे न सरकणाऱ्या फाशाची गाठ. ती त्याला प्रशिक्षणात गाठींचा सराव करताना अपघातानं सापडली होती, दोरी दुमडलेली असताना त्यानं बोलाइन मारली आणि एकाऐवजी दोन फासे तयार झाले. गंमत म्हणून लक्षात राहिलेली गाठ. ओकिनावात त्यानं एकेक फासा एकेका मांडीत घातला आणि उरलेली दोरी छातीभोवती फिरवून बांधली, म्हणजे आपण आज ज्याला हार्नेस म्हणतो तो त्यानं दोन मिनिटांत साध्या दोरीतून उभा केला, आणि बोलाइनचा गुण असा की ती वजनानं आवळत जात नाही, माणूस खाली पोचला की चटकन सुटते. खाली सोडवायला वेळ लागला असता तर दोरी वर यायला उशीर, म्हणजे वरच्या पुढच्या माणसाला उशीर.

दुसरं म्हणजे वजन. सत्तर-ऐंशी किलोचा गडी एकट्यानं हातानं सोडता येत नाही, दोरी हातातून सुटतेच. त्यानं दोरीला गोळ्यांनी तुटलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती वेढा दिला, घर्षणानं बुंधा वजन पेलतो आणि हातानं फक्त सोडत जायचं. डॉस काही आडदांड गडी नव्हता, किडकिडीत होता. मी सरावात दोघांची मदत असताना, हातमोजे घालून, कुणी गोळ्या झाडत नसताना असे सहा जण उतरवले आहेत आणि सहाव्यानंतर माझी बोटं मिटत नव्हती. सहा.

---

सागरगोटी

कातळवाटदादा, हा प्रतिसाद वाचून डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. बोटं मिटत नव्हती हे वाक्य डोक्यातून जाईना.

---

तिरकमान

माफ करा पण एक वेगळं मत मांडतो. डॉसचं धैर्य मान्यच आहे, प्रश्न तो नाही. पण बंदूक न घेण्याचं इतकं कौतुक होतं तेव्हा मला खटकतं. तो कड्यावर जिवंत राहिला कारण आजूबाजूला कुणीतरी गोळ्या झाडून शत्रूचं डोकं खाली ठेवत होतं. त्याचे हात स्वच्छ राहिले कारण दुसऱ्यांनी आपले हात खराब करून घेतले. सगळेच डॉस असते तर ओकिनावात काय झालं असतं? आणि ज्या पोरानं गोळी झाडली, मारलं, आणि आयुष्यभर ते डोक्यात घेऊन जगला, त्याच्याबद्दल कोण धागा काढतं?

---

माळरान

तिरकमान, प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. मला वाटतं डॉसनं कधी म्हटलंच नाही की सगळ्यांनी माझ्यासारखं व्हा. तो सैन्यातच होता, गणवेशात होता, गोळ्या झाडणाऱ्यांच्याच पट्ट्या बांधत होता, त्यांना पापी म्हणून लांब उभा राहिला नाही. त्यानं आपल्यापुरती एक रेघ ओढली आणि त्या रेघेची किंमत स्वतः मोजली, दुसऱ्याच्या गळ्यात घातली नाही. तुम्ही म्हणता ते शेवटचं मात्र पूर्ण पटलं, गोळी झाडून ते डोक्यात घेऊन जगणाऱ्यांबद्दल लिहिलं जात नाही. तुम्ही लिहा, मी पहिला वाचक.

---

इतिहासपाने

तिरकमान, ह्याला जोडून. पॅसिफिकमध्ये बरेच अमेरिकन मेडिक दंडावरची रेडक्रॉसची पट्टी काढून टाकायचे आणि हत्यार जवळ ठेवायचे, कारण ती पट्टी बघून जपानी नेमबाज आधी मेडिकलाच टिपायचे, मेडिक पडला की जखमी तसेच राहतात आणि तुकडीचं अवसान जातं. जिनिव्हा करारातही मेडिकला स्वतःच्या आणि जखमीच्या बचावापुरतं हलकं हत्यार ठेवता येतं. म्हणजे हत्यार ठेवणारा मेडिक कुठेही कमी नाही. डॉस ते न ठेवता गेला एवढंच.

बंदुकीला न शिवणारे इतरही आहेत. विल्यम कोल्टमन, पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश स्ट्रेचरवाला, पेशानं माळी, तोही श्रद्धेमुळे शस्त्र न धरणारा. ऑक्टोबर १९१८ मध्ये मॅनेक्विन हिल ह्या ठिकाणी माघारीत मागे राहिलेल्या जखमींसाठी एकटा पुढे गेला, पट्ट्या बांधल्या आणि तीन वेळा पाठीवर घेऊन माणसं आणली, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक. त्या युद्धात अधिकारी नसलेल्या ब्रिटिश सैनिकांत सगळ्यात जास्त शौर्यपदकं ह्या माणसाला, एकही गोळी न झाडता.

आणि नोएल शॅव्हास. रेजिमेंटचा डॉक्टर, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावलेला. १९१६ मध्ये फ्रान्समधल्या गिलमॉंला रात्रभर शत्रूच्या खंदकांसमोरच्या मोकळ्या जागेत फिरून जखमी शोधले, पहिला व्हिक्टोरिया क्रॉस. ३१ जुलै १९१७ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर स्वतः जखमी झाल्यावरही दोन दिवस जागा सोडली नाही, पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन माणसं आणत राहिला, ४ ऑगस्टला गेला. दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. आजवर हे पदक दोनदा मिळालेले फक्त तिघं आहेत आणि त्यातले दोघं डॉक्टर, शॅव्हास आणि आर्थर मार्टिन-लीक. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

---

जुनी_बॅग

बरेच महिने नुसता वाचतो, आज लिहितो. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता निवृत्त. जागा, साल, पलटण लिहीत नाही.

माळरान, तुम्ही "दर दोरीला नव्यानं ठरवायचं" लिहिलंय. तुम्ही कधी तिथे गेला नसाल तरी बरोबर पकडलंत, म्हणून लिहावंसं वाटलं.

फायर चालू असताना माणूस पडला तर आधी उचलायचं नसतं, ओढायचं असतं. उचललं की तुम्ही दोघंही उंच होता. पिट्टूचा (पाठीवरच्या बॅगेचा) पट्टा किंवा कॉलरची मागची बाजू मुठीत धरायची, आपण कुशीवर, कोपरावर, आणि सरपटत ओढायचं. माणूस इतका जड लागतो की वाटतं जमिनीनं धरून ठेवलाय. त्या जागेवर फारसं काही करायचं नसतं, हातापायातून रक्ताची धार लागली असेल तर टूर्निकेट (रक्त थांबवायचा आवळपट्टा) आवळायची, बाकी सगळं आडोशाला नेऊन. आणि पट्टी वापरायची ती त्याच्याच खिशातली, एफएफडी (फर्स्ट फील्ड ड्रेसिंग) म्हणतो आम्ही, आपली नाही, कारण आपली संपली तर पुढच्याला काय. हे सगळं शिकवलेलं असतं आणि हात आपोआप करतात, त्यात शौर्य वगैरे काही आठवत नाही.

एका रात्री आमचे तिघं पडले. मी पहिल्याकडे गेलो तेव्हा काहीच विचार केला नाही, खरंच नाही, कुणीतरी "नर्सिंग!" म्हणून हाक मारली आणि मी निघालोच. त्याला दगडाच्या आड आणलं, आवळलं, बडीच्या ताब्यात दिला. दुसऱ्यासाठी निघताना मात्र मला सगळं माहीत होतं. कुठून फायर येतोय, मधे किती मोकळी जागा आहे, पहिल्या वेळी गोळी दगडावर लागून माझ्या कानापाशी कशी गेली. माझे गुडघे हलेनात. लाज वाटत नाही सांगायला. दगडाला पाठ लावून मी मोजायला लागलो, पाचला निघायचं असं ठरवलं आणि पाच होऊन गेले तरी मी तिथेच. मग पुन्हा एकपासून मोजले आणि त्या वेळी तीनलाच निघालो.

दुसरा वाचला. तो ओरडत होता. तिसरा ओरडत नव्हता. शिकवलेलं असतं की ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, गप्प असेल त्याला आधी बघा. मी ओरडणाऱ्याकडे गेलो कारण तो जवळ होता. तिसऱ्याकडे पोचलो तेव्हा तो गेलेला होता. आमचे आरएमओ साब, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, नंतर म्हणाले जखम बघता आधी गेला असतास तरी उपयोग नव्हता. ते खोटं बोलणारे नव्हते. पण ते पाच आकडे मी अजून मोजतो.

डॉस किती वेळा गेला ते वाचलं की मला पंचाहत्तर आणि पन्नास ह्यात काही फरक वाटत नाही. मी तीनदा गेलो.

---

सागरगोटी

काका, काय लिहू कळत नाही. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तीनदा गेलात तुम्ही.

---

तिरकमान

जुनी_बॅग काका, नमस्कार. मी वर जे लिहिलं त्यावर आता वाद घालायची इच्छा राहिली नाही. मी इन्फंट्रीवाल्याचा मुलगा आहे, वडिलांना ज्यानं ओढत आणलं त्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, अंधार होता आणि नंतर तो दुसरीकडे गेला. ते म्हणायचे फक्त मूठ आठवते, मानेपाशी कापड धरलेली.

---

डॉ_ओवी

मी लष्करी डॉक्टर नाही, अपघात विभागात काम करते, पण काकांनी लिहिलेल्या दोन गोष्टींना वैद्यकीय बाजूनं जोड देते. लढाईत वाचवता येण्यासारखे जे मृत्यू असतात त्यातला सगळ्यात मोठा वाटा रक्तस्रावाचा असतो. मांडीची मोठी धमनी फाटली तर हातात मिनिटं असतात, तास नाही. म्हणून हॉस्पिटल कितीही चांगलं असलं तरी जमिनीवर पहिल्या काही मिनिटांत कोण पोचलं ह्यावर सगळं ठरतं, आणि तिथे सर्जन नसतो, मेडिकच असतो.

डॉसच्या काळी मेडिककडे पट्ट्या, जंतुसंसर्ग टाळायची सल्फा पावडर, वेदनाशामक मॉर्फिनच्या छोट्या सुईसकट ट्यूब आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) एवढंच होतं. मॉर्फिन दिल्यावर रिकामी ट्यूब जखमीच्या कॉलरला टोचून ठेवायचे, पुढच्या माणसाला कळावं की ह्याला डोस दिलाय, नाहीतर दुसरा डोस जीव घेईल. आणि प्लाझ्मा! सन्मानपत्रात लिहिलंय की ५ मेलाच तोफगोळे जवळ पडत असताना डॉसनं एका तोफखान्याच्या अधिकाऱ्याला प्लाझ्मा दिला. त्या काळी प्लाझ्मा भुकटीच्या रूपात यायचा, दोन बाटल्या, एकीत भुकटी, एकीत निर्जंतुक पाणी, ते मिसळायचं, पूर्ण विरघळेपर्यंत थांबायचं, मग शीर शोधायची, आणि रक्त गेलेल्या माणसाच्या शिरा चपट्या होऊन सापडत नाहीत, आम्हाला उजेडात, टेबलावर सापडत नाहीत कधीकधी. मग बाटली वर धरून बसायचं, हलायचं नाही. पळत जाऊन उचलून आणण्यापेक्षा मला हे बसून राहणं जास्त कठीण वाटतं.

काका, तुमच्या तिसऱ्याबद्दल. तुमचे आरएमओ खोटं बोलणारे नव्हते असं तुम्हीच लिहिलंय. त्यावर विश्वास ठेवा.

---

भटकी_वही

भारतीय मंडळींबद्दलही लिहायला हवं म्हणून थोडं.

कोरिया युद्धात भारतानं लढाऊ तुकडी पाठवली नाही, ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी पाठवली, कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. नोव्हेंबर १९५० मध्ये पोचले आणि काही दिवसांतच मोठी माघार सुरू झाली. प्याँगयाँगमधून निघायला गाड्या नव्हत्या आणि औषधं, उपकरणं टाकून यायला रंगराज तयार नव्हते. त्यांच्या माणसांनी एक वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरलं, डबे जोडले आणि स्वतःच चालवत पूल उडवण्याच्या आधी नदीपार आणलं. मग २३ मार्च १९५१ ला मुनसानमध्ये अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर ह्या तुकडीतले १२ जण विमानातून उतरले आणि तिथेच जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. रंगराजना महावीर चक्र मिळालं.

आणि मेजर लैश्राम ज्योतिन सिंग, मणिपूरचे, आर्मी मेडिकल कोअरचे डॉक्टर. २६ फेब्रुवारी २०१० ला काबूलमध्ये भारतीय वैद्यकीय पथक राहत होतं त्या जागेवर आत्मघाती हल्ला झाला. ह्यांच्याकडे हत्यार नव्हतं. हल्लेखोराला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारून धरून ठेवलं, त्यानं अंगावरचा स्फोट केला, मागच्या खोलीतले सहकारी वाचले. अशोक चक्र, मरणोत्तर. कोअरचं ब्रीद आहे "सर्वे सन्तु निरामयाः".

---

सागरगोटी

मला ओकिनावाचीच दुसरी बाजू लिहायची आहे, आधी लिहू की नको असं वाटत होतं.

त्याच बेटावर, त्याच आठवड्यांत जपानी सैन्याचे जखमी गुहांमध्ये होते. त्यांची शुश्रूषा करायला शाळेतल्या मुली नेल्या होत्या, हिमेयुरी म्हणून ओळखतात त्यांना, मार्च १९४५ मध्ये २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक. वयं पंधरा ते एकोणीस. त्यांना वाटलं होतं रेडक्रॉसच्या झेंड्याखालचं हॉस्पिटल असेल, पट्ट्या बांधायच्या असतील. मिळालं काय, तर अंधारी भुयारं, तोडलेले हातपाय बाहेर नेऊन पुरायचे, आणि पाणी-जेवण आणायला गोळ्यांच्या माऱ्यात गुहेबाहेर जायचं. १८ जूनला त्यांना अचानक सांगितलं, पथक बरखास्त, आपापलं बघा. बाहेर भर लढाई. जे मेले त्यातले बहुतेक त्यानंतरच्या काही दिवसांत. एकूण १३६.

त्यांना कुणी पदक दिलं नाही. पण बाटलीत पाणी भरून जखमीसाठी गुहेकडे परत जाणारी सोळा वर्षांची मुलगी आणि कड्यावर परत वळणारा डॉस, माझ्या मनात दोघं शेजारी उभे आहेत.

---

माळरान

सागरगोटी, बरं झालं लिहिलंत. मला हे अजिबात माहीत नव्हतं, मी इतकी वर्षं त्या कड्याच्या एकाच बाजूनं वाचत होतो.

डॉसचं पुढचं सांगून माझ्या बाजूनं संपवतो. २१ मेच्या रात्री शुरीजवळ पायाशी हातबाँब फुटला, पाय फाटले. अंधारात दुसऱ्या मेडिकला उघड्यावर बोलवायला नको म्हणून स्वतःच्या पट्ट्या स्वतः बांधल्या आणि ५ तास पडून राहिला. स्ट्रेचरवाले आले, उचललं, वाटेत रणगाड्यांचा हल्ला झाला. शेजारी एक जास्त जखमी दिसला तर हा स्ट्रेचरवरून सरपटत खाली उतरला आणि म्हणाला त्याला न्या. परत येईपर्यंत वाट बघताना हाताला गोळी लागली, हाड मोडलं. तेव्हा त्यानं तिथे पडलेल्या रायफलचा दस्ता हाताला बांधला, आधारफळी म्हणून, आणि ३०० यार्ड सरपटत मदत केंद्रावर गेला. १२ ऑक्टोबर १९४५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, दिलं, कॉन्शियन्शस ऑब्जेक्टरला ते पहिल्यांदाच मिळालं. व्हिएतनाम युद्धात अशा आणखी दोघांना मिळालं, थॉमस बेनेट आणि जोसेफ लापॉइंट, दोघंही मेडिक, दोघांनाही मरणोत्तर.

घरी आल्यावर सुख नव्हतं. क्षयरोग निघाला, एक फुप्फुस आणि पाच बरगड्या काढाव्या लागल्या, वर्षानुवर्षं हॉस्पिटलात. १९७६ मध्ये ऐकूही येईनासं झालं. २००६ मध्ये गेला, ८७ व्या वर्षी.

अजून एक. जखमी झाला तेव्हा बायकोनं दिलेलं खिशातलं छोटं बायबल तिथेच पडलं. त्यानं निरोप पाठवला, आणि जी पोरं एकेकाळी त्याला बूट मारायची त्या तुकडीनं ती जागा पिंजून ते शोधून काढलं आणि पाठवून दिलं.

---

नवा_गडी

सगळे प्रतिसाद वाचले. मी नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालोय, पुढच्या महिन्यात लखनौला ट्रेनिंगला जायचंय. जुनी_बॅग काका, एक विचारू का, तिथे शिकवतीलच पण त्याच्याशिवाय तुम्ही काय सांगाल?

---

जुनी_बॅग

अभिनंदन बेटा. शिकवतील ते सगळं नीट शिक, उस्ताद ओरडला तर ओरडू दे.

माझ्याकडून एवढंच. बॅग नेहमी एकाच पद्धतीनं भर, प्रत्येक वस्तू रोज त्याच कप्प्यात, डोळे बांधून हाताला लागली पाहिजे. टूर्निकेट दुसऱ्याला बांधायचा सराव सगळेच करतात, तू स्वतःच्या हाताला एका हातानं बांधायचा कर, आडवं पडून, अंधारात, हात ओले करून. कात्रीला दोरी बांध, रक्तानं निसटते आणि चिखलात सापडत नाही. जखमीशी बोलत राहा, काय बोलतोस त्याला महत्त्व नाही, त्याच्या गावाबद्दल विचार. आणि टूर्निकेट लावल्याची वेळ लिहायची असते, पुढच्या डॉक्टरला ती लागते. पेन ऐन वेळी मिळत नाही. मार्कर घे आणि बाहीला शिवून टाक.

---

नवा_गडी

शिवतो काका.